बी विंगच्या काकांना, दोन बादल्या आणि एका ओरखड्याबद्दल

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

('तीर्थरूप' फक्त वडिलांना, बाकी वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', हे लक्षात आहे. नसतं तर तुम्ही पहिल्या ओळीलाच पत्र मिटून ठेवलं असतं.)

तुम्ही नाशिकला मुलीकडे राहायला गेलात त्याला येत्या दसऱ्याला वर्ष होईल. जाताना तुमच्या गाडी धुवायच्या दोन्ही बादल्या माझ्या दारात ठेवून गेलात, बेल न वाजवता. आभार मानायला फोन केला तर म्हणालात, "आभार राहू दे, कापडं वेगळी धुतोस ना?" आणि फोन ठेवलात. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितोय. इथे तुम्हाला मधेच फोन ठेवता येणार नाही.

सुरुवात आठवते का? सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम ऐन भरात होतं. सकाळी काळी असलेली गाडी संध्याकाळी हिंजवडीहून परत येईपर्यंत करडी झालेली असायची. एका रविवारी मी पार्किंगमध्ये एका बादलीत कपड्यांची पावडर कालवून, बाबांच्या जुन्या बनियनने बॉनेट घासत होतो. चांगला जोर लावून. तुम्ही दुधाची पिशवी घेऊन चालला होतात. थांबलात, बराच वेळ नुसते बघत राहिलात आणि मग म्हणालात, "अहो, ती काय समई आहे का?"

मला राग आला होता, आज सांगतो. सगळी सोसायटी अंथरुणात असताना मी स्वतःची गाडी स्वतः धुतोय, निदान शाबासकी तरी मिळेल असं वाटलं होतं. तुम्ही मला बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला नेलंत आणि त्यात पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दाखवलंत. त्या पांढऱ्या रेघेभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोल गोल ओरखडे. शेकडो. "हे रस्त्याने नाही केलेलं. हे तू केलंयस." 'अहो'वरून 'तू'वर आलात ते तेव्हा.

टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरीच्या कारखान्यात तुमची सगळी नोकरी पेंट शॉपला गेली, हे मला त्यानंतर कळलं. ट्यूबलाइटच्या रांगांखाली उभं राहून रंगातले दोष शोधायचे, हेच तुमचं काम. मग माझी गाडी तुमच्या डोळ्यांतून कशी सुटणार? पत्र्यावर आधी विजेच्या मदतीने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम 40-50. हे नुसतं सांगून तुम्ही थांबला नाहीत. डोक्यावर उरलेल्या केसांपैकी एक उपटून माझ्या तळहातावर ठेवलात. "हा अंदाजे 70. आता घास."

त्यानंतर माझा हात हलका झाला, तो आजपर्यंत.

दोन बादल्यांचं गणित मला आधी थोतांड वाटलं होतं. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. प्रत्येक भाग पुसून झाला की हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. पहिल्या दिवशी धुणं संपल्यावर तुम्ही साध्या पाण्याची बादली अलगद तिरकी केलीत. तळाशी बोटाच्या पेराएवढी रेती बसली होती. ती इतके दिवस मी बनियनने बॉनेटवर फिरवत होतो! बादलीच्या तळाला ती बोहरी आळीतली प्लास्टिकची चाळणी उपडी घालायची युक्ती तुमचीच. मोजा चाळणीवर घासायचा, रेती खाली पडते आणि तिथेच राहते. बाहेर याच कामाची जाळी विकत मिळते आणि बरीच महाग मिळते. चाळणी साठ रुपयांची.

टायर आधी आणि त्यांचं कापड वेगळं. मग टपापासून खाली, कारण सगळ्यात जास्त रेती दारांच्या खालच्या पट्टीत असते. हात सरळ रेषेत, गोल नाही. आणि कशालाही हात लावायच्या आधी मगाने पाणी ओतून सुटी धूळ वाहू द्यायची. आपल्याकडे पाइपने गाडी धुवायला बंदी, त्यामुळे मला वाटायचं की पाइप नाही म्हणून गाडी नीट धुता येत नाही. तुम्ही तीस लिटरच्या आत अख्खी गाडी धुऊन दाखवलीत आणि माझी ती सबब गेली.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर बोअरचं सांगायलाच हवं. ऐन मेमध्ये मी मोठ्या उत्साहाने बोअरच्या पाण्याने गाडी धुतली, उन्हात लावली आणि जेवायला वर गेलो. खाली आलो तर गाडीला देवी आल्यासारखे पांढरे ठिपके. तुम्ही घरातून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र आणलंत, वॉटर प्युरिफायरवाल्याकडे असतं तसलं. बोअरचं पाणी 700च्या पुढे. खडकवासल्याहून येणारं नळाचं पाणी 100च्या आसपास. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मात्र रंगावर बसून राहतात आणि उन्हात भाजले जातात. त्यावर उपाय तुम्ही स्वयंपाकघरातून दिलात: पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. ओल्या कापडाने मिनिटभर टेकवून ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन काढायचं. बहुतेक ठिपके गेले. टपावरचे चार-पाच राहिले, ते अजून आहेत.

आणि मग जुलै. सगळी पुणेकर मंडळी पावसात गाडी कशाला धुवायची म्हणून हात झटकून बसलेली, आणि तुम्ही गच्चीच्या पन्हाळीखाली बादली लावून उभे! पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात गच्चीवरची घाण येते, पुढचं धरायचं. मीटर 20च्याही खाली. शेवटचा हात त्या पाण्याने फिरवला की गाडी पुसली नाही तरी डाग पडत नाही. आता ए विंगमध्ये पावसाळ्यात माझ्याकडे संशयाने बघतात. तुमच्याकडे बघायचे तसंच.

"घासू नको, भिजू दे." हे वाक्य तुमच्याकडून मी किती वेळा ऐकलं असेल! कबुतरांच्या बाबतीत तर रोज. आपल्या इमारतीवर जेवढी माणसं राहतात त्याच्या दुप्पट कबुतरं राहतात. त्यांची शीट आम्लधर्मी असते आणि उन्हात रंग तापून मऊ झाला की तिचा ठसा उमटतो, म्हणून त्याच दिवशी काढायची. पण नखाने खरवडून नाही, कारण तिच्यात दाण्यांची टरफलं आणि बारीक खडे असतात. ओला कागदी रुमाल वर ठेवायचा, दहा मिनिटं विसरून जायचं आणि मग उचलून घ्यायचा. दूध करपलेल्या पातेल्यात आपण आधी पाणी घालून ठेवतो, लगेच तारेची घासणी घेऊन बसत नाही. एवढं साधं माझ्या डोक्यात गाडीच्या बाबतीत कधी आलंच नव्हतं.

पेंट शॉपच्या गोष्टी मी आता ऑफिसात सांगतो, जणू मीच तिथे होतो. डिओडरंट मारून आलेल्याला रंगाच्या खोलीत येऊ देत नसत, कारण त्यातल्या सिलिकॉनचा कण जरी ओल्या रंगावर पडला तरी तिथे माशाच्या डोळ्यासारखा खळगा पडतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्ही लग्नाला जातानाही अत्तर लावत नाही. काकू अजून चिडवतात का?

दसऱ्याचं मात्र तुम्ही आमच्या घरात भांडण लावलंत. आई दरवर्षी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायची, हळद वाहायची आणि झेंडूचा हार पुढे बांधायची. दुसऱ्या दिवशी मी ते सगळं कोरड्या फडक्याने पुसायचो. ते स्वस्तिक ट्यूबलाइटखाली पाचही वर्षांचं दिसत होतं, एकावर एक. "आई, पूजा काचेवर करू या का?" असं मी विचारलं तेव्हा ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. शेवटी तुम्हीच वर आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "वहिनी, आम्ही कारखान्यात मशिनची पूजा करताना चालता भाग सोडून करायचो. देवाला चालतं." आई गप्प. तेव्हापासून कुंकू पुढच्या काचेवर, हार आरशांना, आणि आपट्याची पानं मात्र बॉनेटवरच, कारण ती काही करत नाहीत. सी विंगच्या पांढऱ्या गाडीला हळदीचा डाग पडला होता तेव्हा त्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. तुम्ही सांगितलंत, धुवा आणि दोन-तीन दिवस उन्हात लावा. कपड्यावरची हळद उन्हाने उडते तशीच तीही उडाली.

एका बाबतीत माझं तुमच्याशी पटलं नाही, अजूनही पटत नाही. टायरला चमक आणायचं ते द्रावण. तुम्ही त्याला 'चपलेला पावडर लावणं' म्हणता. मला काळेभोर टायर आवडतात. हो, पहिल्या वेळी जास्त लावलं आणि चांदणी चौकापर्यंत जाईतो ते उडून दारांवर चिकट ठिपके झाले, ते खरं आहे. आता कमी लावतो आणि पुसून घेतो. पण लावतो.

सिरॅमिक कोटिंगच्या (रंगावर चढवायच्या संरक्षक थराच्या) बाबतीत मात्र तुम्ही माझे पैसे वाचवलेत. मी चौकशी करून, सुट्टी टाकून तयार होतो. तुम्ही विचारलंत, "खाली ओरखडे आहेत ते?" मी म्हटलं, त्यावरच मारतील ना. "म्हणजे ओरखडे पॅक करून ठेवणार." आधी रंग सरळ करायला हवा होता आणि तो आपण करायचा असं तुम्हीच ठरवलंत.

ते दोन रविवार मला पाठ आहेत. हाताला प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवायला लावलंत. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागला. पुलाच्या कामाचं सिमेंट, ब्रेकमधून उडालेलं लोखंड. लोखंड काढायचं द्रावण फवारल्यावर चाकांवरून जांभळं पाणी ओघळलं आणि सगळ्या पार्किंगमध्ये नासक्या अंड्यांचा वास सुटला. वॉचमन गॅस गळतीचं बघायला धावत आला होता. मग क्ले, रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारा. पुरणपोळीच्या कणकेएवढा मऊ गोळा, भरपूर ओलाव्यावर हलक्या हाताने सरकवायचा, मळला की घडी घालून नवी बाजू वर आणायची. माझ्या हातून तो एकदा जमिनीवर पडला. मी उचलायच्या आत तुम्ही पायाने बाजूला सारलात. "गेला. आता त्यात खडे आहेत."

दुसऱ्या रविवारी ऑफिसातल्या मित्राचं पॉलिशचं मशीन आणलं. तुम्ही आधीच बजावलं होतंत की पॉलिशने ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर तेवढा खाली येतो. म्हणून गाडीच्या सगळ्या आयुष्यात हे मोजक्याच वेळा करायचं. बॉनेट मी केलं, दारं आपण दोघांनी. डिकी राहिली तेव्हा मी चहा आणायला वर गेलो.

डिकीवर काय होतं ते तुम्हाला ठाऊक होतं, पण मी कधी बोललो नव्हतो. लेक बालवर्गात असताना तिने धुळीत बोटाने 'बबा' लिहिलं होतं. काना अजून एकच यायचा. मी हसून गाडी धुतली, पण धुळीतल्या कणांनी अक्षरं रंगावर उतरली होती. ट्यूबलाइटखाली, तिरकं पाहिलं तरच दिसायची.

चहा घेऊन आलो तर डिकी आरशासारखी झाली होती, आणि मधे वीतभर चौकोनाला चारी बाजूंनी निळी मास्किंग टेप. आत 'बबा', जसंच्या तसं. मी काही विचारायच्या आत तुम्ही म्हणालात, "इथे मशीन नीट बसत नव्हतं."

सपाट डिकीवर मशीन बसत नव्हतं, काका? बरं.

आभार त्याचे आहेत. बादल्यांचेही आहेतच.

इकडचं वर्तमान असं: पहाटे सगळ्यांच्या गाड्या पुसायला येणारा मुलगा तुम्ही दिलेली दुसरी बादली अजून वापरतो. कापडं मी वेगळीच धुतो, पातळ साबणाने, सॉफ्टनर न घालता, सावलीत वाळवतो. घरच्या मशिनमध्ये त्यांना प्रवेश नाही, तो निर्णय वरच्या कोर्टाचा आहे. वायपरखालच्या जाळीतून परवा रेन ट्रीचा पाचोळा मूठभर निघाला. ताम्हिणीहून आल्यावर दारांच्या खालची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी केली. लेक आता दुसरीत आहे, तिला काना नीट येतो आणि ती डिकीवरचं दुरुस्त करून मागते आहे. मी नाही म्हटलंय.

तुमच्या चाळणीचा एक पाय तुटला. बोहरी आळीत दोनदा फिरलो, त्या मापाची मिळाली नाही. कुठल्या दुकानातून घेतली होतीत तेवढं कळवा. फोन केलात तरी चालेल, मी ठेवणार नाही.

काकूंना नमस्कार.

आपला,
ए विंग, तिसरा मजला, काळी गाडी