अभ्यासिकेतल्या सर्व्हरचा आवाज कमी करता येतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आवाजाच्या तक्रारी म्हटल्या की डीजे, हॉर्न आणि रात्रभर चालणारं बांधकाम यावरच पत्रं येतात, ती यायलाच हवीत, पण खोलीच्या आतला एक आवाज कुणी मनावर घेत नाही म्हणून लिहितोय. मी परळमधल्या एका अभ्यासिकेचं काम बघतो. दहा बाय बाराच्या खोलीत घरची चार-पाच माणसं आणि टीव्ही, त्यामुळे एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा देणारी मुलं रात्री इथेच येऊन बसतात. तिथे मध्यंतरी एक सेकंडहँड रॅक सर्व्हर (लोखंडी रॅकमध्ये आडवा बसवायचा, सतत चालू राहणारा कॉम्प्युटर) बसवला, त्यावर जुन्या प्रश्नपत्रिका, नोट्स आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग. बसवणारा बसवून गेला आणि तेव्हापासून पार्टिशनच्या मागून सतत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. विचारलं तर उत्तर एकच, "सर्व्हर आहे साहेब, आवाज करणारच."

हे खरं नाही. असा सर्व्हर डेटासेंटरसाठी, म्हणजे नुसते सर्व्हर ठेवलेल्या हॉलसाठी बनतो, तिथे माणूस बसत नाही म्हणून कंपनी आवाजाचा विचार करत नाही, इतकंच. सगळ्यात चपट्या, वन-यू मापाच्या मशिनची उंची जेमतेम साडेचार सेंटीमीटर, आत पंखे ४० मिलिमीटरचे, एवढ्या लहान पंख्याने पुरेशी हवा ओढायची तर तो मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे फिरवावा लागतो. आमचा त्यापेक्षा उंच आहे तरी पंखे नऊ हजारावर फिरत होते, आणि तेही प्रोसेसर चाळीस-बेचाळीस अंशावर निवांत असताना! कारण असं निघालं की आत दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क कार्ड लावलेलं, मदरबोर्डवरच्या मॅनेजमेंट कंट्रोलरला (मशीनवर देखरेख ठेवणारी वेगळी चिप) त्या कार्डाचं तापमान कळत नाही, मग तो आपला सेफ साइड म्हणून सगळे पंखे वाढवून ठेवतो. त्यात कुणीतरी आवाज दाबायला रॅकच्या जाळीवर पुठ्ठा आणि फोम चिकटवला होता, त्याने हवाच अडली, मशीन तापलं आणि पंखे अजून जोरात. असं कृपया कुणी करू नका.

साधा डेस्कटॉप बोर्ड असेल आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम असेल तर काम सोपं आहे. एलएम-सेन्सर्स आणि फॅनकंट्रोल ही पॅकेजेस टाका, सेन्सर शोधणारं सेन्सर्स-डिटेक्ट चालवा, मग पंख्यांची सेटिंग करणारं पीडब्ल्यूएमकॉन्फिग. हा प्रोग्रॅम एकेक पंखा क्षणभर थांबवून कुठला पंखा कुठल्या कंट्रोलवर आहे ते शोधतो, म्हणून तेव्हा मशीनवर लोड नको. किती अंशापर्यंत पंखा हळू ठेवायचा, किती अंशाला फुल करायचा हे आकडे विचारून तो फाइल बनवतो आणि फॅनकंट्रोल सर्व्हिस त्याप्रमाणे पंखे चालवते. कधी कधी रीबूटनंतर सेन्सरचे नंबर बदलतात आणि सर्व्हिस चालूच होत नाही, तेव्हा पीडब्ल्यूएमकॉन्फिग परत चालवावं लागतं.

रॅक सर्व्हरवर मात्र हा प्रोग्रॅम बहुतेक वेळा कंट्रोल करण्यासारखा पंखा सापडला नाही असंच सांगतो, कारण पंखे त्या मॅनेजमेंट कंट्रोलरच्या ताब्यात. तिथे त्या कंट्रोलरला थेट कमांड देणारं आयपीएमआयटूल लागतं, तेही फुकट. कमांड कंपनीप्रमाणे वेगळ्या, डेलच्या जुन्या पॉवरएज सर्व्हरवर चालणाऱ्या पंख्याच्या कमांड नव्या फर्मवेअरवर (कंट्रोलरच्या आतला प्रोग्रॅम) चालत नाहीत, सुपरमायक्रो कंपनीच्या सर्व्हरमध्ये शांत पंखे लावले आणि फेरे खालच्या मर्यादेच्या खाली गेले की कंट्रोलरला पंखा बंद पडला असं वाटून तो सगळे पंखे फुल सोडतो, म्हणून आधी ती मर्यादा कमी करून घ्यावी लागते. आमच्याकडे पंखे छत्तीसशेवर आणले, प्रोसेसर पन्नासच्या जरा वर गेला, जे त्याला अगदी चालतं. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो, हा फरक कानाला लगेच कळतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, ती बाहेरच्या वातावरणासाठी हे मला माहीत आहे, पण मुलं ज्या खोलीत वाचतात तिथे निदान तेवढा तरी आकडा डोळ्यासमोर ठेवायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. मॅन्युअलवर टाकलेला पंखा मशीन तापलं तरी आपोआप वाढेलच असं नाही. म्हणून दर मिनिटाला तापमान बघून ठरावीक अंशाच्या वर गेलं की परत ऑटोवर टाकणारी छोटी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) हवीच, तिच्याशिवाय कुणी हात लावू नये. आणि ती तपासायची मे महिन्यात. बरेचसे सर्व्हर ३५ अंशापर्यंतच्या हवेत चालायला बनवलेले असतात, आपल्याकडे एसी बंद, खिडक्या बंद अशा खोलीत सर्व्हर पुढून आत ओढतो ती हवा तिथवर सहज जाते. जानेवारीत बसवलेली सेटिंग मुंबईच्या उन्हाळ्यात टिकेल हे धरून चालू नका, हार्ड डिस्कचं तापमानही बघा, नुसतं प्रोसेसरचं नको.

आता माझी मागणी. मंडळं, सोसायट्या, छोटे दवाखाने, शाळा सगळे हल्ली जुने सर्व्हर घेतात कारण स्वस्त पडतात, आणि पुरवठादार ते आहे तसे आणून ठेवतो. पंख्याची सेटिंग करून देणं हा त्याच्या कामाचा भाग आहे, मेहेरबानी नाही. ऑर्डर देतानाच कमिटीने लिहून घ्यावं की पंखे सेट करून मिळतील, तापमानाची स्क्रिप्ट चालू असेल, काय बदललं त्याचा कागद आणि रूट पासवर्ड (मशीनचा मुख्य पासवर्ड) आपल्या ताब्यात येईल. आणि शेवटचं पेमेंट रात्री दहानंतर, रस्ता शांत झाल्यावर त्या खोलीत बसून आवाज ऐकल्याशिवाय देऊ नये.

आपला,
अभ्यासिकेचा एक कार्यकर्ता, परळ, मुंबई