हॅमर बंद करून दाखवणाऱ्या मिस्त्रीदादांना

मिस्त्रीदादा, नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, देव जाणे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचं काम उरकलं, तुमची माणसं दुसऱ्या साइटवर गेली, आणि तुमचा नंबर मागितला तर कॉन्ट्रॅक्टरने मला पुन्हा स्वतःचाच नंबर दिला. काम असेल तर मला सांगा, म्हणाला. त्याला सांगण्यासारखं हे नाही. म्हणून असं चारचौघांत लिहिते आहे. कुणीतरी वाचेल, तुम्हाला दाखवेल. नाव मुद्दाम घालत नाही. ‘नाव कशाला काकू, टाइल्सवाला म्हणा’ असं तुम्हीच म्हणाला होतात.

आमच्या रांजणाला भोक पाडून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

हे वाचून कुणाला हसू येईल. येऊ दे. एका भोकासाठी एवढं मोठं पत्र कशाला असं ज्यांना वाटेल, त्यांनी जुन्या रांजणाला भोक पाडून घ्यायचा प्रयत्न आमच्या पुण्यात एकदा करून बघावा. तांबट आळीत घंगाळाला मठार करून मिळतं, तबल्याला शाई भरून मिळते, पण भाजलेल्या मातीला रुपयाच्या नाण्याएवढं भोक म्हटलं की समोरचा माणूस आपल्याकडे असा बघतो, जणू आपण त्याची किडनीच मागितली.

तुम्ही विचारलं होतंत, ‘काकू, एवढा जीव का या रांजणात?’ तेव्हा तुम्हाला वर कामावर जायची घाई होती, मी दोन वाक्यांत उरकलं. आता सगळं सांगते. रांजण आमच्या सासूबाईंचा. कसब्यातल्या वाड्यात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोटापर्यंत जमिनीत पुरलेला असायचा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचंही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आई तेव्हा नव्या नवरी. पाणी ओसरल्यावर सगळे वाड्यात परतले तर लाकडी कपाट गेलेलं, पिठाचे डबे शेजारच्या बोळात, आणि रांजण मात्र गळ्यापर्यंत चिखलाने भरून जागच्या जागी. पुढे गावभर पाण्याचे हाल होते तेव्हा तोच धुऊन, घासून पुन्हा भरला. वाडा पाडून इमारत उभी राहिली त्या वेळी आईंनी पितळेची भांडी हसत वाटून टाकली, पण रांजण स्वतः समोर उभं राहून उकरून घेतला. बरोबर त्याच्याच जोडीचा एक डेराही आला. डेऱ्याचं पुढे सांगते.

आईंना हल्ली फारसं दिसत नाही. कान मात्र शाबूत. शिट्टी आपल्या कुकरची की शेजारच्यांच्या, हे त्या पडल्या पडल्या सांगतात. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात मी एक माठ बघितला होता. बुडातून पाइप वर गेलेला, खाली टाकीत कूलरला असतो तसला बुडीत पंप, पाणी तोंडापर्यंत चढून काठावरून ओसंडतंय, पोटावरून ओघळत गोट्यांत जातंय आणि फिरून पंपाकडे. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाल्या, ‘मग आपला रांजण काय वाईट आहे? रद्दीच तर भरली आहेस त्यात.’ पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ आणून विजेशिवाय शनिवारवाड्यात पाणी खेळवलं, आणि आम्हाला सहकारनगरच्या तळमजल्यावर, विजेच्या पंपासकट, हे जमू नये? नाहीच जमलं. भोकापाशी अडलं.

आधी कुंभारवाड्यात गेले. तिथल्या आजींनी तरी खरं सांगितलं. म्हणाल्या, कच्चं असताना सांगितलं असतं तर ओल्या मातीत नळी फिरवून आत्ता दिलं असतं. वाळताना आणि भट्टीत माती आटते, म्हणून भोक हवं त्याहून जरा मोठंच ठेवायचं, एवढीच त्यातली अक्कल. पण एकदा भाजून निघालं की आम्ही लोखंड लावत नाही, ठोका बसला की तडा गेलाच समजा. ‘ठोका लागता कामा नये’ हे वाक्य मी तिथून डोक्यात पक्कं करून आणलं.

बागेची सजावट करून देणारे एक गृहस्थ आले. बागेकडे एक नजर टाकली आणि मातीचं आता कुणी ठेवत नाही, फायबरचा घ्या, दिसायला सेम, असं सांगून कॅटलॉग ठेवून गेले. येण्याजाण्याचे पैसे घेतले ते वेगळेच. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘अगं, मडक्याला भोकं कधी पाडतात माहितीये ना?’ माहितीये. आईंच्या कानावर ते गेलंच. म्हटलं ना, कान शाबूत आहेत. त्या आतून म्हणाल्या, ‘महादेवावरच्या गळंतीलाही भोक असतं म्हणावं.’ विषय संपला.

आणि मग मोबाइलवरून बोलावलेला तो कारागीर. गणवेश, बॅग, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं झकास. मी म्हटलं, आधी डेऱ्यावर करून बघू या. त्याने ड्रिल काढलं. ड्रिल फिरता फिरता ठोकेही मारतं, त्याला हॅमर म्हणतात. मी विचारलं, ‘हॅमर बंद आहे ना?’ तर म्हणतो, ‘मॅडम, तुम्ही आत बसा, आमचं रोजचं काम आहे.’ ड्रिल चालू झालं आणि धडधडधड असा आवाज आला. मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत बुडापासून गळ्यापर्यंत एक रेघ सरळ चालत गेली आणि डेऱ्याची दोन भकलं झाली. ‘कच्चा होता मॅडम. दोनशेला नवीन मिळतो.’ साठ वर्षं पाणी भरलेला डेरा कच्चा! वर फोनवर निरोप आला, आमच्या सेवेला किती तारे द्याल म्हणून. आईंनी भकलं टाकू दिली नाहीत, तुळशीपाशी ठेवून घेतली. त्या काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं. नंतर कितीतरी दिवस रांजणाकडे बघायची हिंमत झाली नाही.

तुम्ही मला भेटलात ते आमच्या जिन्यात. तुम्ही वरच्या भिंतीच्या टाइल्सला नळासाठी भोकं पाडत होतात, आणि मी धुळीची तक्रार करायला वर येत होते. तेवढ्यात तुम्ही टाइलमधून निघालेली एक गोल चकती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलीत. कडा कशी, सुरीने कापल्यासारखी! मी तक्रार विसरले.

तुम्ही जेवणाच्या सुट्टीत खाली आलात आणि रांजणाला आधी हात लावला नाहीत. ‘लावू का?’ विचारलंत. मग बोटाच्या पेराने सगळीकडे वाजवून बघितलात, कान जवळ नेऊन. बुडाशी टणटणीत बोलला. गळ्याजवळ एका जागी भद्द आवाज आला. तिथे जुनी बारीक चीर आहे, बुडाला धोका नाही, पण दोरी बांधून उचलायचा नाही, असं म्हणालात. आम्ही इतकी वर्षं तो कानाला धरूनच ढकलत होतो. रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, कोरड्या मातीला बिट भाजून काढतं, सकाळी कामाच्या आधी येतो, म्हणालात. मी म्हटलं, येतील तेव्हा खरं. पुण्यात ‘सकाळी येतो’ याचा अर्थ मला माहीत आहे.

आलात. चहासुद्धा आधी नको म्हणालात.

वॉचमनच्या मदतीने रांजण वाळूच्या गोणीवर पालथा घातलात, बुडावर चिकटपट्टीची फुली मारलीत. आणि मग ती गोष्ट केलीत जिच्यासाठी हे पत्र आहे. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. ड्रिल भोकाच्या जागी नेण्याआधी तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. बॅटरीचं, चांगलंच जड. वरचं चाक दाखवलंत: एका बाजूला हातोडीचं चित्र, दुसऱ्या बाजूला नुसत्या बिटचं. ‘काकू, हातोडीवर असलं की ठोके बसतात. भिंतीला चालतं, मातीला नाही. आत्ता कुठे आहे बघा.’ मी चष्मा लावून बघितलं, बिटवर होतं. ‘चालवून बघा हवेत.’ मी चालवलं. नुसती घरघर, धडधड नाही. ‘आता करू?’

दादा, मी तुम्हाला डेऱ्याचं सांगितलं होतं, पण ‘आत बसा’ हे शब्द सांगितले नव्हते. ते सांगायचीही लाज वाटली होती. तुम्ही ते न ऐकताच त्याचं उत्तर दिलंत. ‘काळजी करू नका, मी आहे ना’ असं म्हणून मोकळे झाला असतात तरी माझी तक्रार नव्हती. पण तुम्ही मला स्वतःला बघता येईल असं केलंत. पेट्रोल पंपावर ‘झिरो बघा मॅडम’ म्हणतात तसं, फक्त तिथे ते दुसरीकडे बघत म्हणतात आणि तुम्ही माझी नजर त्या चाकावर पोचेपर्यंत थांबलात. मध्येच लहान बिट काढून हिऱ्याचं मोठं बिट लावलंत, तेव्हा मी काही विचारलंही नव्हतं, तरी ड्रिल पुन्हा माझ्याकडे वळवलंत. ‘बिटवरच आहे,’ मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि कामाला लागलात. आपण दोघं मिळून करतोय, असं वाटलं मला.

त्या दिवसापासून मी माणसं या एका गोष्टीवरून जोखायला लागले आहे. आमच्या औषधाच्या दुकानातला मुलगा पाकीट देताना आपणहून मुदतीच्या तारखेवर बोट ठेवतो. बँकेत एक बाई आहेत, आईंच्या अंगठ्याचा ठसा घेण्याआधी कागद पूर्ण वाचून दाखवतात, मागे रांग कितीही कुरकुरली तरी. रिपोर्ट आपल्याकडे वळवून बोलणारे डॉक्टर असतात, आणि स्वतःकडे धरून ‘हं, ठीक आहे’ म्हणणारेही असतात. ही दुसऱ्या जातीची माणसं वाईट असतात असं नाही. हुशारसुद्धा असतात. पण आपल्याला विचारायचा हक्क आहे हे त्यांच्या गावीही नसतं. तुमच्यासारखी थोडी असतात, आणि बहुतेक वेळा त्यांचा नंबर कॉन्ट्रॅक्टर देत नाही.

बाकी काम तुम्ही केलंत ते मी टक लावून बघत होते. बिट दाबलं नाहीत, त्याच्या वजनानेच उतरू दिलंत. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीतून पाणी सोडत होतात, लाल गाळ बुडावरून ओघळत होता. शेवटी आवाज बदलला तसा हात अगदी हलका केलात. ढलपा निघालाच तर आतल्या बाजूला निघेल, दिसणार नाही, म्हणून बाहेरून करतोय, असंही सांगितलंत. निघाली ती चकती पाण्यात खळबळून आईंच्या तळहातावर ठेवलीत. त्यांनी ती नाकाशी नेली आणि म्हणाल्या, ‘अजून वास येतो की मातीला.’ मग पैसे. शंभर सांगितलेत आणि शंभरच घेतलेत. ‘काकू, तुमच्याकडून काय घ्यायचे’ वगैरे केलं नाहीत, हेही मला आवडलं. कामाचे पैसे घ्यावेत.

रांजण छान चालू आहे. पाइपाभोवतीचं सिलिकॉन कुठे सुटलेलं नाही. तुम्ही बजावलं होतंत तसं बोअरचं पाणी घालत नाही, तरी काठावर थोडे पांढरे डाग आलेत आणि सावलीकडच्या बाजूला शेवाळं धरलंय. आईंना ते घासू द्यायचं नाही. दुपारी वीज गेली की सगळ्यात आधी त्यांना कळतं. केशवनगरच्या कुंभारांकडे नवा डेरा सांगितलाय, भोक कच्च्यातच ठेवून, तेव्हा त्यासाठी तुम्हाला त्रास नाही.

एक मात्र बोलणार आहे, मोठी आहे म्हणून. आमचा रांजण ओला होता, त्याची धूळ उडाली नाही. पण वर तुम्ही टाइल्स कोरड्या कापत होतात आणि तोंडाला नुसता रुमाल. त्या धुळीत सिलिका असते. रुमालातून आरपार जाते, वर्षानुवर्षं फुफ्फुसात साठते, आणि एकदा फुफ्फुसं निबर झाली की ती पूर्ववत करणारं औषध नाही. माती कोरडी कापायची नाही हे मला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःसाठी बाटलीभर पाणी वापरू नये? चांगले मास्क आणून ठेवलेत, तुमच्या पोरांनाही पुरतील इतके. वॉचमनच्या कपाटात आहेत, पिशवीवर ‘टाइल्सवाले’ लिहिलंय. या बाजूला आलात की घेऊन जा, आणि चहा या वेळी आधी घ्यायचा.

तुमची,
तळमजल्यावरच्या रांजणवाल्या काकू