मधल्या मैदानात हिरवळच, रविवारी लागवड

सर्व सभासदांना नमस्कार,

मधल्या मैदानात कृत्रिम गवत न घालता खरी हिरवळच करायचे सभेत ठरले आहे. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता तिथेच लागवड आहे. प्रत्येक घरातून एकाने तरी यावे. खुरपे असल्यास आणावे, रोपे सोसायटी देईल.

कृत्रिम गवत का नको, असे पुन्हा पुन्हा विचारले जाते, म्हणून कारण सांगतो. प्लॅस्टिकचे गवत मे महिन्यात इतके तापते की मुले अनवाणी उभी राहू शकत नाहीत. खरे गवत पानांतून पाणी वाफेच्या रूपाने सोडते, म्हणून थंड राहते. त्याची मुळे माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि बोअरवेललाही त्याचा फायदा होतो. खर्च आणि निगा लागतेच, ते नाकारत नाही. म्हणूनच सावकाश वाढणाऱ्या कोरियन लॉनऐवजी आपली हरळी, म्हणजेच दूर्वा, निवडली. ती तुडवली तरी पुन्हा फुटते. (गणपतीत दूर्वा शोधत फिरायला नको, हा वरचा नफा!)

कृपया पाळावे:
- लागवडीनंतर ४ आठवडे मैदानात कोणीही जाऊ नये. क्रिकेटही बंद.
- कुत्र्यांना मागच्या गेटकडे फिरवावे.
- पाणी माळीच देईल, तेही सकाळी. पाऊस असेल त्या दिवशी नाही.
- गवत फार खोल कापायला माळ्याला सांगू नये. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापले की मुळे कमजोर होतात.

रविवारी जोराचा पाऊस असल्यास लागवड पुढच्या रविवारी, त्याच वेळी.

– सचिव