लातूरच्या अडतीवरून आई-बाबांना

लातूर,
नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही जे बोललात त्याचं उत्तर मला तिथल्या तिथं देता आलं नाही. मागं हमालांचा गलका, काट्यावर माल लागलेला आणि तुमचा आवाज जड झालेला. तुम्ही सांगितलंत की पाळकसाहेबांकडं आता बरीच गावं आहेत, महिन्यातून एकदाच त्यांचं येणं होतं. बाकीच्या रविवारी तुम्हीच उपासना घेता, पण गुडघे साथ देत नाहीत आणि चष्मा लावूनही बायबलमधलं वचन वाचताना ओळ निसटते. तू ये, चर्चची मंडळी सांभाळ, म्हणालात. आणि फोन ठेवता ठेवता, "अडतीवर किती दिवस मालाच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहिणार? देवाच्या कामाला कधी लागणार?"

मला राग आला नाही. तुमच्या जिवाची घालमेल कळते मला. ज्या मंडळीत तुम्ही शब्बाथ शाळा चालवली, पेटी वाजवली, नाताळात रात्रभर गल्लोगल्ली गाणी नेली, तिथं आता रविवारी मोजकीच डोकी बसतात, तरणी पोरं पुण्याला आणि वाळूजला गेली. पण बाबा, मी देवाच्याच कामाला लागलेलो आहे असं मला मनापासून वाटतं. ते कसं, हे कागदावर उतरवतो. आईनं वाचून दाखवावं, तुमच्या डोळ्यांना ताण नको.

या वर्षी सप्टेंबरच्या पावसानं आमच्याकडं काय केलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. मांजरा आणि तेरणा पात्र सोडून शिवारात शिरल्या. सोयाबीन ऐन काढणीत, आणि शेतात कमरेएवढं पाणी. जे हाताशी आलं ते काळं पडलेलं, डागी. यंदा सरकारचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आहे, पण तो बारा टक्क्यांच्या आतल्या ओलाव्याच्या मालाला, आणि भिजलेल्या सोयाबीनला बारा टक्के कुठून आणायचे? मग माणूस नाइलाजानं अडतीवर येतो आणि मिळेल त्या भावाला माल घालतो.

दिवाळीनंतर निलंगा तालुक्यातला एक म्हातारा शेतकरी आला. नदीकाठचं रान. टेम्पोचं भाडं तिघांत वाटून माल आणलेला, त्याचा वाटा अकरा क्विंटलचा. सौदा झाला. बाराच्या वर जेवढे टक्के ओलावा, क्विंटलमागं तेवढे किलो कट्टी, म्हणजे वजनातून कापायचे, असं ठरलं. खरेदीदाराच्या माणसानं मूठभर दाणे उचलले, दोन दातांखाली धरले आणि म्हणाला, "सतरा." लिहायला मी बसलेलो. मी ओलावा मोजायचं मीटर मागवलं. पोत्याच्या वरून, मधून, तळातून नमुना काढला, डबीत भरून लावला. मीटरनं चौदा दाखवलं. पुन्हा लावलं, पुन्हा चौदाच्या आसपास. तो माणूस तापला. एवढ्या माणसांत मीटर लावून माझी इज्जत घेतो काय, म्हणाला. मी पट्टीवर चौदा लिहिलं. सतरा आणि चौदा यांच्यातलं अंतर अकरा क्विंटलांवर तेहतीस किलोचं होतं, बाबा. ज्याच्या घरात पाणी शिरून पिठाचा डबासुद्धा राहिला नाही, त्याच्या तोंडातले तेहतीस किलो.

आमचे मालक आप्पा गादीवरूनच बोलले, "मुनीम लिहितो ते लिहू द्या." आप्पा लिंगायत, सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नाहीत. माझ्या धर्माबद्दल त्यांनी एका शब्दानं कधी विचारलं नाही, पण गुड फ्रायडेला सुट्टी मागावी लागत नाही. माणसं चांगली भेटली हीसुद्धा कृपाच.

पैसे मोजून घेताना म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण्या गावचे तुम्ही? कोणाचे?" आपल्याकडं हा प्रश्न चुकत नाही. मी म्हटलं, "जालन्याचा. ख्रिस्ती." त्यानं मान हलवली, पिशवी कमरेला बांधली आणि निलंग्याची एसटी कुठून सुटते ते विचारलं. बस. पुढं काही झालं नाही. मी त्याला सुवार्ता सांगितली नाही, त्यानं मागितली नाही. तुम्ही विचाराल, मग यात साक्ष कुठं आली? मला वाटतं ती पट्टीवर लिहिली गेली होती. लिहिणारा कोण आणि कोणाला मानणारा हे त्यानं आपण होऊन विचारलं, मी खरं सांगितलं. आता त्या दोन गोष्टी त्याच्याजवळ एकत्र आहेत. त्यांचं काय करायचं ते देव बघेल.

तुम्हाला आठवत असेल, याआधी मी दुसऱ्या एका अडतीवर होतो आणि चांगला पगार सोडून निघालो. तेव्हा तुम्हाला नीट कारण सांगितलं नव्हतं, कारण आईला काळजी लागली असती. तिथं प्लास्टिकच्या कट्ट्यालाही तागाच्या पोत्याएवढं बारदान धरून वजनातून वजा करायची पद्धत होती. मापाडी खरं वजन पुकारायचा आणि कागदावर ते कमी व्हायचं, माझ्या अक्षरात. मी मालकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, सगळा बाजार असाच चालतो. असेल. पण माझ्या हातानं नको. "खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे" हे वचन तुम्ही मला शब्बाथ शाळेत पाठ करायला लावलं होतं आणि बक्षीस म्हणून पेन दिलं होतं. त्या वचनाचा अर्थ मला अडतीवर समजला.

बायबलमधला लूकचा तिसरा अध्याय आईला काढायला सांगा. योहानाकडं जकातदार बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? जकातनाकं सोडा आणि माझ्यामागं रानात या, असं योहान त्यांना सांगत नाही. नेमून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. शिपाई विचारतात, त्यांनाही तो तलवार टाकायला लावत नाही, कुणाला छळून पैसे काढू नका म्हणतो. म्हणजे नाक्यावर एक तरी माणूस सरळ बसलेला पाहिजे होता. उपदेशाला उभं राहणारी माणसं देवाला हवीत, तशी काट्याशेजारी बसणारीही हवीत. आणि मराठवाड्यात काट्याशेजारची माणसं फार कमी पडतात, बाबा.

हे मी कुठल्या पुस्तकातून आणलेलं नाही, तुमच्याकडूनच घेतलंय. मला शाळेत घातलंत तेव्हाची गोष्ट. अर्जावर धर्माचा रकाना होता. गुरुजी चांगल्या मनानं म्हणाले होते की हिंदू लिहा आणि जात लिहा, लेकराला सवलत मिळेल. आपल्या किती नातेवाईकांनी तसंच केलं, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोट असतं, लेकरांची फी असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. पुढं १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधव त्यात आले. ख्रिस्ती झालेला मात्र अजून बाहेरच आहे. गावानं त्याला गावकुसाबाहेर ठेवायचं थांबवलं नाही, कागदानं मात्र त्याची जात पुसली. हा अन्याय आहे, आणि तो अन्याय आहे असं मोठ्यानं म्हणणं हासुद्धा आपल्या विश्वासाचाच भाग आहे. तुम्ही त्या रकान्यात ख्रिस्ती लिहिलंत. माझ्या कॉलेजच्या फीसाठी आईनं मग कितीतरी उन्हाळे लोकांच्या शेवया आणि पापड केले. त्या दाखल्यानं मला शिकवलं की कागदावर खरं लिहायला किंमत पडते आणि ती द्यायची असते.

आणि किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून माणसं झोपलेली, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी लहान होतो. मंडळीतून चादरी, भांडी, ज्वारी गोळा झाली आणि तुम्ही ट्रकमध्ये बसून गेलात. परत आलात तेव्हा तुमच्या नखांत माती होती आणि तुम्ही काही दिवस नीट जेवला नाहीत. आईनं विचारलं, तिथं प्रार्थना घेतली का? तुम्ही म्हणालात, "दगडमातीच्या भिंतीखालून माणसं काढत होतो गं, प्रार्थना कुठली. मनात चालू होती." त्या दिवशी तुम्ही देवाच्या कामाला गेला नव्हता असं कोण म्हणेल?

तुम्ही उपदेशात जामखेडच्या आरोळे डॉक्टरांचा दाखला द्यायचात तोही आठवतोय. बीड जिल्ह्याच्या वेशीला लागून असलेलं गाव. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकलेले, मनात आणलं असतं तर कुठंही मोठे झाले असते. १९७० मध्ये जामखेडला आले तर दुष्काळाची छाया पडलेली. लोक औषध मागत नव्हते, पाणी आणि धान्य मागत होते. मग डॉक्टरांनी आधी पाण्याचं पाहिलं. पुढं गावोगावच्या बायका, बऱ्याचशा निरक्षर, त्यांना शिकवून त्यांच्या हातात बाळंतपणं आणि लेकरांचं आरोग्य दिलं. वेगवेगळ्या जातींच्या त्या बाया शिकायला एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते हे सगळं येशूमागं चालायचं म्हणून करत होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. तुमचा आवाज त्या दाखल्यापाशी आला की भरून यायचा.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो, कारण ती आईच्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. हल्ली बाजारात कुणीतरी विचारतं, "तुमच्यात माणूस आणला की पैसे मिळतात म्हणे?" आई म्हणते, जपून राहा, ख्रिस्ती आहे हे सांगत फिरू नको. मी सांगत फिरत नाही, पण विचारलं की लपवतही नाही. अशा वेळी मी सरळ सांगतो की मला पगार आप्पा देतात आणि पट्टी तुमच्यासमोर लिहितो. वाद घालत नाही. ज्यानं विचारलं होतं त्याच्याच भावाला पावसाळ्यात दवाखान्यात रक्त लागलं, तेव्हा तुमच्या सुनेनं, ड्यूटी संपलेली असतानाही, रक्तपेढीत खेपा घातल्या. त्या माणसानं पुढं काही विचारलं नाही, आभारही मानले नाहीत. ती म्हणाली, आभारासाठी कोण गेलं होतं. तिचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.

आता मंडळीचं.

मी नोकरी सोडून येणार नाही, बाबा. हे लिहिताना जड जातंय, पण विचार करून लिहितोय. सोयाबीन आणि तुरीचा हंगाम संपला की महिन्यातला एक रविवार मी आणि सून जालन्याला येऊ, उपासना मी घेईन, पेटीचा भाताही दुरुस्त करून आणीन. पण बाकीच्या रविवारांसाठी माणूस तुमच्या घरातच आहे. आई.

हसू नका. आईचं माहेर बेथेलचं. ब्राह्मण घरातून १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ, गावानं दूर ठेवलेल्या माणसांना सोबत घेऊन जी वस्ती उभारली, तिथली लेक आहे ती. वचन तिला तुमच्याइतकंच पाठ आहे, आणि खरं सांगू का, समजावून तुमच्यापेक्षा चांगलं सांगते. आजारी माणसाच्या उशाशी तीच बसते, नवऱ्यानं मारलेली बाई रात्री आपल्याच दारावर येते ती आईसाठी. मंडळी चालवण्याचं निम्मं काम ती आधीपासून करतेच आहे, फक्त पुढं उभी राहत नाही, कारण तिला कुणी उभं केलं नाही. तुम्ही पाळकसाहेबांशी बोला. ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. पहिल्या रविवारी तुम्ही तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसा, म्हणजे लोकांना काही वेगळं वाटणार नाही आणि तिलाही धीर येईल.

आई, तू नको नको म्हणशील. आधी लूकचा तिसरा अध्याय घे, जकातदारांचा. तो तुझ्या तोंडून ऐकायला मला आवडेल.

बाबांच्या डोळ्यांची तारीख मिळाली की लगेच कळवा, मी सुट्टी काढून येतो. गुडघ्याचं तेल आणि आईच्या बीपीच्या गोळ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर शनिवारी पाठवतोय. स्टँडवर घ्यायला बाबांनी येऊ नये, शेजारच्या पोराला पाठवा. नाताळाला आम्ही २३ तारखेला पोचू. करंज्यांचं सारण आईनं एकटीनं करत बसू नये, सून आल्यावर दोघी मिळून करा.

तुमचा,
थोरला