सहा जण, एक खोली

पुणे,
१९ जून २०२२

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार.

'विल्को' या अमेरिकन रॉक बँडचा नवा अल्बम २७ मे रोजी आला, 'क्रूएल कंट्री'. दुहेरी आहे, एकवीस गाणी. तू अजून ऐकला नसशील याची मला खात्री आहे, म्हणून मुद्दाम बैठक मारून लिहितोय.

त्यांचा आधीचा अल्बम 'ओड टू जॉय' आला तेव्हा तू म्हणाला होतास, की यांचं आता नुसतं पुटपुटणं उरलंय, बँड म्हणून वाजवणं संपलं. त्यात तथ्य होतं. तो अल्बम गायक जेफ ट्वीडी आणि ड्रमर ग्लेन कोचे या दोघांनीच आधी उभा केला होता, बाकीच्यांनी नंतर त्यात भर घातली. या वेळी मात्र शिकागोतल्या त्यांच्या 'द लॉफ्ट'मध्ये सहाही जण एका खोलीत बसले आणि जवळजवळ सगळं एकत्रच वाजवून रेकॉर्ड केलं. ओव्हरडब, म्हणजे नंतर वेगळं वाजवून चढवलेले भाग, अगदी मोजके. महामारीत इतका काळ एकमेकांपासून लांब राहिल्यावर त्यांना हेच करावंसं वाटलं, हे मला फार भावलं.

तू स्वतः स्टुडिओत बेस वाजवतोस, त्यामुळे याचा अर्थ तुला माझ्याहून जास्त कळेल. ड्रम्स गायकाच्या माईकमध्ये शिरणार, गिटार ड्रम्सच्या माईकमध्ये. एकाचा सूर चुकला तर नुसता तेवढाच पुसता येत नाही. मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे कान लावून, हात राखून वाजवतो. हा राखलेला हात अल्बमभर ऐकू येतो. त्यांच्या गिटारिस्टचं, नेल्स क्लाइनचंच बघ. जॅझ आणि मुक्त वादनातून आलेला माणूस, मनात आणलं तर गिटारवर वादळ उठवणारा. इथे कित्येक गाण्यांत तो दोन ओळींच्या मधल्या जागेत एखादाच सूर ओढतो आणि लगेच बाजूला होतो. गायकाचा शब्द पुरता संपेपर्यंत पेटीवर बोट न ठेवणारे मुरलेले संगतकार आपण ऐकलेत, तसाच हा संयम. जॉन स्टिरॅटचा बेस तर तू हेडफोन लावूनच ऐक. किती कमी वाजवतो आणि गाणं किती भरलेलं वाटतं!

मला राहून राहून १९९३ आठवलं. ट्वीडीच्या आधीच्या बँडचा, 'अंकल टुपेलो'चा शेवटचा अल्बम, 'अ‍ॅनोडाइन'. तोही ऑस्टिनमध्ये असाच, सगळ्यांनी एकदम वाजवून, ओव्हरडब न करता केलेला. सेंट लुईससमोर, मिसिसिपीच्या पलीकडे असलेल्या बेलव्हिलची ही मुलं. त्यांच्या १९९० च्या 'नो डिप्रेशन' या अल्बमवरून पुढे एक अख्खं मासिक निघालं, आणि ऑल्ट-कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण 'कंट्री' संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाच्या प्रकाराला लोक त्याच नावाने ओळखू लागले. १९९४ मध्ये बँड फुटला. त्यातला दुसरा गायक जे फरार याने 'सन व्होल्ट' हा बँड काढला, आणि उरलेल्यांना घेऊन ट्वीडीने 'विल्को'. त्यानंतर ट्वीडी 'कंट्री'च्या बिल्ल्यापासून लांबच पळत राहिला. विल्कोचा 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीच्या एका लेबलने नाकारला, यांनी तो २००१ मध्ये स्वतःच्या वेबसाइटवर ऐकायला ठेवला, मग २००२ मध्ये वॉर्नरच्याच दुसऱ्या लेबलने तो काढला, हे सगळं तुला पाठ आहे. आता मात्र पन्नाशी ओलांडल्यावर तो सरळ म्हणतोय, हो, ही कंट्रीच. मला यात माघार दिसत नाही. इतकी वर्षं इतकं काही वाजवून बघितल्याशिवाय हा साधेपणा हाताला लागलाच नसता.

आणि या साध्या चालींवर तो काय गातोय तेही ऐक. पहिल्याच गाण्यात दक्षिणेच्या सीमेवरून येणारी स्वप्नं आहेत, देशाला धोकादायक वाटणारी. शीर्षकगीतात तो लहान मुलासारखं देशावर प्रेम असल्याचं सांगतो आणि त्याच दमात देशाला मूर्ख आणि क्रूर म्हणतो. आवाज चढवत नाही, कुणाला शाप देत नाही. आपल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घशात आवंढा आला. प्रेम आहे म्हणूनच खरं बोलायचं, हे गाण्यात आणणं सोपं नाही रे. 'अ लाइफटाइम टू फाइंड'मध्ये मृत्यू दारात उभा आहे आणि माणूस त्याच्याशी बोलतोय, पण चाल अशी की पायाने ठेका धरावा!

दोन गाणी आधी ऐक. 'बर्ड विदाउट अ टेल'चे शब्द संपल्यावर गिटारी एकमेकींत गुंतत जातात, आणि कुणीही पुढे घुसत नाही. आणि दुसऱ्या भागाची सुरुवात, 'मेनी वर्ल्ड्स'. आधी पियानो आणि खरखर, मग सावकाश उलगडत जाणारं लांबलचक वादन. बँड वाजवत नाही ही तुझी तक्रार इथे टिकणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

एकवीस गाणी जास्त आहेत, हे मान्य. मधल्या काही गाण्यांची लय इतकी सारखी आहे की एकातून दुसरं कधी सुरू झालं कळत नाही. चार-पाच गाळली असती तर अल्बम आणखी घट्ट झाला असता. म्हणून एका बैठकीत सगळा ऐकू नकोस. आधी पहिली अकरा ऐक, उरलेली दहा दुसऱ्या दिवशी. आणि फोनच्या स्पीकरवर तर अजिबात नको.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद. तिची गिटार कुठवर आली? 'फॉलिंग अपार्ट' तिला नक्की आवडेल, चांगलं उडतं आहे आणि वाजवायलाही फार अवघड वाटत नाही. गणपतीत येशील तेव्हा बेस घेऊन ये, आपण तिघं मिळून बसवू. त्याआधी ऐकून सविस्तर लिही. पटलं नाही तर का पटलं नाही, तेही लिही.

तुझा,
मिलिंद