पालकमंत्र्यांना खुले पत्र : आमच्या वाड्याचे कुलूप काढा

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी आमच्या पेठेतल्या सार्वजनिक वाड्याच्या दिंडी दरवाजावर नगरपालिकेने ‘धोकादायक इमारत, प्रवेश बंद’ अशी नोटीस डकवली आणि कुलूप ठोकले. गेल्या गणपतीत याच वाड्याच्या चौकात माईक हातात घेऊन ‘पुढच्या पावसाळ्याआधी डागडुजी करून देतो’ असा शब्द आपण दिला होता. पावसाळा आला, डागडुजीला कुणी फिरकले नाही.

धोका कुठे आहे ते मी सांगते. पश्चिमेच्या सोप्यावरची पन्हळ फुटली आहे. पाणी भिंतीत मुरून तुळईचे टोक कुजले आहे. कुजका भाग कापून सागवानाचा सांधा देता येतो, हे गावातला कोणताही जुना सुतार सांगेल. मागच्या दुरुस्तीत कंत्राटदाराने चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला. चुना ओल बाहेर टाकतो, सिमेंटने ती आत कोंडली. आज तिथली वीट बोटाने चुरते. वाडा बिघडवला तुमच्या माणसांनी आणि बाहेर काढले आम्हाला!

खाली वाचनालय, माडीवर कॅरम आणि बुद्धिबळ, चौकात नवरात्रातला भोंडला, दर गुरुवारी आमचे भजन. यजमान गेल्यावर चार माणसांत बसायला मला हीच एक जागा उरली होती. घर दोन खोल्यांचे, त्यात नातवाचा अभ्यास. नव्या वसाहतीतल्या बागेपर्यंत गुडघे चालू देत नाहीत आणि रोजची रिक्षा पेन्शनमध्ये बसत नाही. संध्याकाळी भिंतीकडे बघत बसते. माझी भजनाची पेटीसुद्धा आत अडकली आहे. मागायला गेले तर ‘अर्ज करा, बघू’ असे उत्तर मिळाले. मुलाच्या वयाच्या कारकुनाने मान वर करून बघितलेही नाही.

आता म्हणे वाडा पाडून तिथे बहुउद्देशीय सभागृह आणि खाली गाळे होणार. ते गाळे कुणाच्या नातेवाइकांना मिळतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जतनाला पैसा नाही म्हणता, मग चौकाचौकातल्या स्वागत कमानींना कुठून येतो?

पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ सालचा. १८७९च्या आगीत होरपळला तरी तो पुन्हा सावरला. पुढे तिथून पुण्याच्या नगरपालिकेचा कारभारही चालला. वापर राहिला म्हणून वाडा राहिला. आणि पुण्यातलाच भिडेवाडा? १८४८मध्ये फुले दांपत्याने जिथे मुलींची शाळा सुरू केली, ती वास्तू वर्षानुवर्षे वादात पडून राहिली आणि डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी पाडावी लागली. स्मारक हवे असते, मूळ वास्तू मात्र कुणालाच नको असते, अशी या राज्याची रीतच झाली आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत बागा, मैदाने आणि सांस्कृतिक कामे नगरपालिकांकडे सोपवण्याचे लिहिले आहे. ती कुणी वाचली आहे का?

चुन्याचे काम जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी करा आणि अहवाल दरवाजावर लावा. पूर्वेचा सोपा धडधाकट आहे, तो तोवर उघडा ठेवा. पाडण्याचा ठराव झाला असेल तर लपवू नका.

कुलूप निघेपर्यंत गुरुवारचे भजन वाड्यासमोर रस्त्यावर होईल. रहदारी अडली तर खुशाल गुन्हा दाखल करा. नावे आम्ही स्वतः ठाण्यात येऊन देऊ.

आपली,
पेठेतील एक रहिवासी