डी अँझाला निघालेल्या सईस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या गणपतीत एकीने विचारलं, सई कुठे असते? मी म्हटलं, "डी अँझा कम्युनिटी कॉलेजला, पण दोन वर्षांनी ट्रान्सफर घेऊन युनिव्हर्सिटीत जाणार आहे." तू शेजारीच प्रसाद वाटत होतीस. तुझं कॉलेज सांगायची जणू मला लाज वाटते, अशा त्या ‘पण’ने तुझा चेहरा उतरला. माझं चुकलं, सई. यापुढे ‘डी अँझाला पोलिटिकल सायन्स शिकते’ एवढंच सांगेन.

तू तेरा वर्षांची असताना माझी अमेरिकन सिटिझनशिपच्या परीक्षेची तयारी करून घेतलीस. १०० प्रश्नांची कार्डं. तेव्हा मुलाखतीत १० विचारायचे, ६ बरोबर आली की पास. मी भांडी घासता घासता घोकत होते: सिनेटर १००, प्रतिनिधी ४३५. तू कार्ड खाली ठेवलंस. "कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी माणसं, वायोमिंगमध्ये सहा लाखही नाहीत, मग दोघांनाही दोनच सिनेटर का?" मला सांगता येईना. १७८७ साली फिलाडेल्फियात लहान-मोठ्या राज्यांनी तडजोड केली, हे मग तूच शोधून मला समजावलंस. तुझा विषय त्या दिवशीच ठरला होता, मला फार उशिरा उमगलं.

तुझी आजी चौथी शिकलेली. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत निदान एक तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या आणि आजी सदस्य झाली. सभेत पुरुष बोलायचे, ती सही करून घरी यायची. एकदा ती मला सोबत घेऊन गेली आणि प्रोसिडिंग वाचायला लावलं. पाण्याची पाइपलाइन आमची वस्ती सोडून पुढे न्यायचा ठराव होता, आणि खाली अनुमोदक म्हणून आजीचंच नाव! ती एक शब्दही बोलली नव्हती. त्यानंतर मी नोटीस मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ती कधी सभेला गेली नाही, आणि ठराव ऐकल्याशिवाय तिने सही केली नाही.

तू जे शिकणार आहेस ते मला यातूनच थोडंफार कळतं. कॅलिफोर्नियात तर १९५३पासून ब्राउन ॲक्ट, म्हणजे सभा लोकांसाठी खुल्या ठेवण्याचा कायदा आहे. त्यानुसार आता नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावलाच पाहिजे आणि लोकांना बोलू दिलंच पाहिजे. आजीला गावात एवढ्यासाठी भांडावं लागलं.

आता कामाचं. स्टॅटिस्टिक्स टाळू नकोस. मतदानाचे आकडे वाचता आले नाहीत तर दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून राहावं लागेल. ‘टॅग’चा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ट्रान्सफरची हमी मिळवायचा, अर्ज सप्टेंबरमध्येच भरायचा असतो आणि तो एकाच कॅम्पसला करता येतो. डेव्हिस, सांता क्रूझ त्यात आहेत, बर्कली नाही. बर्कलीचं मनात असेल तर कुठला कोर्स तिथे धरतात हे काउन्सेलरला पहिल्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे पहिल्याच सत्रात, विचार. युनिटला ३१ डॉलर फी आहे, तेव्हा पैशांची काळजी करून कॅफेतल्या शिफ्ट वाढवू नकोस. तो वेळ वाचनाला दे.

मंगळवारी सिटी काउन्सिलची सभा आहे. अजेंडा मी छापून फ्रिजवर लावलाय. तिसऱ्या विषयावर खूण केली आहे, मला तो नीट कळला नाही. सातच्या आत घरी ये, दोघी मिळून वाचू आणि मग जाऊ.

तुझी,
आई